अंगठ्याचं पिवळं नख: वनस्पतींच्या तेलांनी बुरशीवर उपचार कसा करावा

जुलैतल्या एका संध्याकाळी सेफ्टी शूज काढले आणि उजव्या अंगठ्याच्या नखाच्या कोपऱ्यात हळदीच्या बोटासारखा पिवळा डाग दिसला. मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. पावसात स्टेशनपर्यंत चालत जायचं, भिजल्या मोज्यांनीच ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची आणि तेच पाय पुढचे नऊ तास जाड बुटांत कोंडायचे, असे चार महिने. पुढचा पावसाळा येईपर्यंत तो डाग अर्ध्या नखावर पसरला होता. नख जाड झालं होतं, कडेने भुसभुशीत झालं होतं आणि सँडल घालायची लाज वाटायला लागली होती.

आज ते नख स्वच्छ आहे. त्याला चौदा महिने लागले आणि त्यातले पहिले पाच महिने माझ्या चुकीमुळे वाया गेले. मी रोज न चुकता तेल लावत होते, पण नखाच्या वर. बुरशी असते नखाच्या खाली. नखाचा पत्रा केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचा बनलेला असतो आणि तेल त्यातून सहज झिरपत नाही. ही एक गोष्ट मला पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर बरं झालं असतं, म्हणून हा लेख. कुठलं तेल चांगलं, हे मी पुढे सांगणारच आहे, पण तेल कुठलंही निवडलं तरी ते बुरशीपर्यंत पोहोचवायचं कसं, यावर जास्त लक्ष द्या.

आधी ती बुरशीच आहे का, ते बघा

नख पिवळं किंवा जाड झालं म्हणजे बुरशीच, असं नसतं. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्याच नखांत बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, बुटाचा सततचा दाब असतो किंवा जुना मार असतो. आपल्याकडे हे जुन्या काळापासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये 'कुनख' सांगितला आहे, तो मार लागल्याने काळपट, कोरड्या आणि खरखरीत झालेल्या नखाला. अशा नखाला वर्षभर तेल लावून काय होणार?

बुरशी बहुतेक वेळा नखाच्या पुढच्या टोकाकडून किंवा कडेकडून शिरते आणि मुळाकडे सरकते. रंग पिवळा, पांढरट किंवा तपकिरी होतो. नखाखाली खडूच्या भुकटीसारखा भुगा साठतो आणि नख खालच्या कातडीपासून सुटायला लागतं. सोबत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील किंवा तळव्याची कातडी कोरडी होऊन सोलवटत असेल, तर संशय आणखी पक्का होतो. याउलट नखावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतील, तर सोरायसिसचा विचार करावा लागतो. बूट लागून साकळलेल्या रक्ताचा जांभळा डाग नखाबरोबर पुढे सरकत जातो. आणि मुळापासून टोकापर्यंत नवीच काळी किंवा तपकिरी उभी रेघ उमटली असेल, ती रुंदावत असेल किंवा रंग शेजारच्या कातडीत उतरला असेल, तर घरचं काहीही न लावता थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती क्वचित कर्करोगाची खूण असू शकते.

खात्री करायची सोपी चाचणी आहे. डॉक्टर नखाखालचा भुगा खरवडतात, तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. केराटिन विरघळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात. त्वचेच्या ओपीडीत याला केओएच म्हणतात. कल्चर करायला, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून बघायला दिलं तर उत्तर यायला तीन-चार आठवडे लागतात, पण बुरशी कोणती ते कळतं. बहुतेक वेळा ती ट्रायकोफायटॉन रुब्रम निघते, म्हणजे गजकर्ण करणाऱ्या बुरशींच्याच घराण्यातली. ठाण्यात कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, तिथे त्वचारोग विभागात दाखवता येतं. मात्र चाचणी कुठलंही तेल किंवा मलम सुरू करण्याआधी करा. लावत असताना नमुना दिला तर बुरशी असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो.

हे घरी कोणी करू नये

मधुमेह असलेल्यांनी, पायाला रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी, तळव्याला बधिरपणा असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी हे घरच्या घरी करू नये. मी हे फार कळकळीने सांगते आहे. माझं नख सुधारायला लागल्यावर बाबांचंही करू म्हटलं. त्यांना वीस वर्षांपासून साखर आहे. त्यांनी पाय टबात बुडवले, 'पाणी छान आहे' म्हणाले. मी सहज हात घातला तर चटका बसला. त्यांना ते जाणवतच नव्हतं. अशा पायाला कानशीने एक ओरखडा गेला तरी त्याची जखम व्हायला वेळ लागत नाही, आणि बुरशी लागलेल्या नखाकडून जंतुसंसर्ग कातडीत शिरला तर पाय सुजून रुग्णालय गाठावं लागतं. बाबांचं नख आता डॉक्टरच कापतात.

लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्या बाबतीतही आधी विचारूनच. तसंच बुरशी नखाच्या मुळाशी असलेल्या पांढऱ्या चंद्रकोरीपर्यंत पोहोचली असेल किंवा तीन-चार नखं एकदम धरली असतील, तर वरून लावायच्या उपायावर वर्ष घालवू नका. एक-दोन नखं आणि अर्ध्याहून कमी भाग, एवढंच घरच्या उपायाचं क्षेत्र समजा.

पहिला दिवस: फोटो आणि पट्टी

पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं अख्खं नख बदलायला बारा ते अठरा महिने लागतात. खराब झालेला भाग कुठल्याही तेलाने पुन्हा गुलाबी होत नाही. तो पुढे सरकतो, आपण कापत जातो आणि मागून नवं नख येतं. उपचाराचं काम एवढंच, की त्या नव्या नखात बुरशीला शिरू द्यायचं नाही.

म्हणून पहिल्याच दिवशी दिवसाच्या उजेडात फोटो काढा, शेजारी मुलांची कंपासपेटीतली पट्टी ठेवा आणि मुळापासून पिवळ्या भागापर्यंत स्वच्छ नख किती मिलिमीटर आहे ते लिहून ठेवा. दर महिन्याला एक तारखेला पुन्हा मोजा. रोज निरखत बसलात तर काहीच बदल दिसणार नाही आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही सोडून द्याल.

नख पातळ करणं, म्हणजे खरं काम

हे आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी आंघोळीनंतर. कोमट पाण्यात पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवा. पाण्यात मीठ, कडुलिंबाचा पाला काही घातलं तरी चालेल, पण मऊ करण्याचं काम पाणीच करतं. मग पाय पुसा आणि नखाचा जो भाग खालच्या कातडीपासून सुटलेला आहे तेवढाच नेलकटरने कापा. नख सरळ कापा, कोपरे गोल करू नका, नाहीतर नख मांसात रुतून नखुरडं होतं. अंगठ्याचं जाड नख साध्या नेलकटरच्या तोंडात मावत नाही. मोठ्या मेडिकलमध्ये पक्कडीसारखा जाड नखांचा कटर मिळतो, तो घ्या.

मग कानस. साधी नखांची पत्र्याची कानस चालते, पण खरखरीत कागदी पट्ट्या जास्त बऱ्या, कारण वापरून फेकून देता येतात. जाड भागावर एकाच दिशेने हळूहळू घासा, पिवळा थर पातळ होईपर्यंत. दुखलं, गरम लागलं किंवा गुलाबी दिसलं की थांबा. खालचा भुगा लाकडी काडीला कापूस गुंडाळून हलकेच काढा. टोकदार सुई, टाचणी, कात्रीचं टोक आत घालू नका. मी घातलं होतं. नख आणखी सुटलं आणि बुरशीला आयती जागा मिळाली.

घासताना खाली वर्तमानपत्र पसरा, नाकाला रुमाल बांधा आणि सगळा भुगा कागदासकट गुंडाळून टाका, कारण त्या भुग्यात जिवंत बुरशी असते. कटर साबणाने धुऊन स्पिरिटने पुसा आणि वेगळ्या डबीत ठेवा. आपल्या घरांत एकच नेलकटर देवघराच्या खणात असतो आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे तो वापरतात. या काळात तो वापरू नका. बाथरूममधला घासायचा दगडही वेगळा ठेवा.

आता तेल कोणतं

ज्याचा नखावर प्रत्यक्ष अभ्यास झाला आहे अशा उपायांपासून सुरुवात करते.

टी ट्री ऑइल हे ऑस्ट्रेलियातल्या मेलालुका अल्टरनिफोलिया या झाडाच्या पानांचं तेल. 1994 साली अमेरिकेत 117 रुग्णांवर एक तुलना प्रसिद्ध झाली. काहींनी शुद्ध टी ट्री ऑइल आणि काहींनी क्लोट्रिमाझोल या बुरशीनाशक औषधाचं 1 टक्क्याचं द्रावण दिवसातून दोनदा सहा महिने लावलं. दोन्ही गटांत जवळजवळ 60 टक्के लोकांचं नख पूर्ण किंवा अंशतः सुधारलेलं दिसलं. पण कल्चरमध्ये बुरशी नाहीशी झालेले टी ट्रीच्या गटात 18 टक्के आणि क्लोट्रिमाझोलच्या गटात 11 टक्केच होते. म्हणजे दिसायला फरक पडतो, मुळातून जाणं कठीण. हे आकडे आधीच माहीत असलेले बरे. घेताना बाटलीवर झाडाचं नाव आणि 'शुद्ध तेल' असं लिहिलेलं बघा, टी ट्रीचा फेसवॉश किंवा सुगंधी मिश्रण नको. बाटली गडद काचेची हवी. हवा आणि उजेड लागून हे तेल जुनं झालं की कातडीला ॲलर्जी येण्याची शक्यता वाढते, म्हणून छोटी बाटली घ्या आणि ती खिडकीत ठेवू नका.

दुसरा अभ्यास आपल्या घराघरांतल्या विक्सचा. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात 18 जणांनी 48 आठवडे ते रोज नखाला लावलं. पाच जणांचं नख पूर्ण बरं झालं, दहा जणांचं थोडं सुधारलं, तिघांना काही फरक नाही. एवढ्या थोड्या लोकांवरून फार मोठं विधान करता येत नाही. पण त्यातली द्रव्यं बघा: कापूर, पुदिन्याचं फूल, निलगिरीचं तेल, ओव्याचं फूल. ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल, आणि तो बुरशीनाशक आहे. कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल ही तिन्ही सारख्या प्रमाणात एका बाटलीत घातली की आपोआप वितळून पाणी होतं, तीच आपली अमृतधारा. आजी ती पोटदुखीला द्यायची. नखाला लावायची झालीच तर ती कधीही निव्वळ लावू नका, कातडी भाजते. चमचाभर खोबरेल तेलात चार-पाच थेंब पुरेत. मी स्वतः सकाळी टी ट्री आणि रात्री विक्स असं ठेवलं होतं.

कडुलिंबाचं आणि करंजाचं तेल बुरशीला रोखतं, हे प्रयोगशाळेतल्या बशीत दिसलं आहे. पण बशीत बुरशी उघडी असते, नखाखाली ती झाकलेली असते. ही तेलं मी आजूबाजूच्या कातडीसाठी ठेवते. खोबरेल तेल टी ट्री सौम्य करायला उत्तम, एकट्याच्या भरवशावर नको.

टाकळ्याबद्दल विचारणारे पुष्कळ भेटतात. पहिल्या पावसानंतर जांभळी नाक्याच्या बाजारात बायका टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसतात. त्याच टाकळ्याचं बी आंबट ताकात वाटून गजकर्णाला लावायची आमच्याकडे रीत आहे, आणि त्या बियांत क्रायसोफॅनॉल हे द्रव्य आहे, म्हणजे रीत बिनबुडाची नाही. पण तो लेप कातडीसाठी. नखाच्या पत्र्यावर तो वाळून गळून पडतो.

काय लावू नये, तेही सांगते. कच्चा लसूण ठेचून बांधू नका. लसणातल्या अजोइन या द्रव्याचं मलम चिखल्यांवर उपयोगी पडलेलं आहे, पण ठेचलेली पाकळी बांधून झोपलेल्यांचे पाय भाजल्यासारखे फोड येऊन सोलून निघतात. निव्वळ व्हिनेगर, लिंबाचा रस, ब्लीच यांनीही तेच होतं. मेंदीने नख रंगतं आणि मग बुरशी वाढते आहे की कमी होते आहे ते दिसतच नाही. नेलपॉलिशचंही तसंच.

रोज लावायची पद्धत

सुरुवातीला एक थेंब टी ट्री ऑइल खोबरेलात सौम्य करून कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि दोन दिवस थांबा. लाल झालं, खाज आली तर ते तेल तुमच्यासाठी नाही.

नसेल काही झालं तर रोज सकाळी आणि रात्री पाय धुऊन पूर्ण कोरडे करा. नखाखाली ओल राहते, ती आपल्याला दिसत नाही, म्हणून दोन-तीन मिनिटं पंख्याखाली पाय ठेवा. मग पाय असा धरा की नखाचं टोक वरच्या बाजूला येईल, आणि ड्रॉपरने एक थेंब नखाच्या टोकाखालच्या फटीत सोडा. तो आत उतरताना दिसतो. दुसरा थेंब नखाच्या कडांना, तिसरा कानशीने घासलेल्या भागावर. दहा मिनिटं तसंच बसा, लगेच मोजे चढवू नका. नखासाठी तेल निव्वळ चालतं, पण कातडीवर ओघळलेलं टिपून घ्या. नाजूक कातडी असेल तर खोबरेलात निम्मं करून लावा.

ही बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. टी ट्री ऑइल, कापूर आणि निलगिरीचं तेल पोटात गेलं तर विषारी आहे, आणि टी ट्री मांजरा-कुत्र्यांनी चाटलं तरी त्यांना त्रास होतो. घरात मांजर असेल तर रात्री लावून सुती मोजा घाला.

चिखल्या राहिल्या तर नख पुन्हा धरतं

नखाची आणि बेचक्यांतली बुरशी बहुधा एकच असते. नखाला तेल घालत राहिलात आणि चिखल्या तशाच ठेवल्या तर ती तिथून पुन्हा नखात येते. इथे मी घरच्या उपायाचा आग्रह धरत नाही. क्लोट्रिमाझोलचं साधं मलम दिवसातून दोनदा, चार आठवडे, आणि खाज थांबली तरी पूर्ण मुदत लावा. एक सावधगिरी मात्र घ्या. मला एका दुकानदाराने न विचारता तीन-चार औषधं एकत्र असलेलं मलम दिलं होतं. अशा मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरत राहते. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखं नाव दिसलं तर परत करा.

बूट, मोजे आणि ठाण्याचा पाऊस

बुटांच्या दोन जोड्या ठेवा आणि आलटून पालटून घाला. भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही. आतला सोल बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला आणि पंख्याखाली ठेवा. कारखान्यात सेफ्टी शूजची दुसरी जोडी मागायला संकोच करू नका, मी मागितली आणि मिळाली. येता-जाताना पावसाळी चप्पल, बूट लॉकरमध्ये आणि मोज्यांचे दोन जोड पिशवीत. जेवणाच्या सुट्टीत मोजे बदलायचे. मोजे गरम पाण्यात धुवा. पावसात ऊन मिळत नाही, तेव्हा वाळल्यावर इस्त्री फिरवा.

साचलेल्या पाण्यातून चालत आलात तर घरी आल्याबरोबर पाय साबणाने धुवा. कानशीने ओरखडा गेलेला असताना त्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची भीती असते. म्हणूनच मी नख घासायचं काम जोरदार पावसाच्या आठवड्यात पुढे ढकलते.

जिममध्ये, तरणतलावावर आणि सामायिक न्हाणीघरात अनवाणी चालू नका. पेडिक्युअरला जात असाल तर स्वतःचा कटर आणि कानस घेऊन जा.

कधी थांबायचं, कधी डॉक्टर

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मुळाजवळ तीन-चार मिलिमीटर नवं, पातळ, गुलाबी नख दिसलं पाहिजे. दिसलं तर चालू ठेवा. पिवळा भाग जागच्या जागी असेल किंवा मुळाकडे सरकला असेल, तर तेल बदलून आणखी सहा महिने घालवू नका. पोटातून घ्यायच्या टर्बिनाफिनच्या गोळ्या पायाच्या नखासाठी साधारण बारा आठवडे देतात, आणि त्या कुठल्याही तेलापेक्षा जास्त परिणामकारक आहेत. यकृताच्या तपासण्या करून डॉक्टरच त्या देतात, स्वतःच्या मनाने घ्यायच्या नाहीत. वनस्पतींवर माझा जीव आहे, तरीही हे सांगते. गोळ्या चालू असतानाही नख घासणं, बूट वाळवणं आणि चिखल्यांकडे लक्ष देणं तेवढंच लागतं.

मध्येच अंगठा लाल झाला, सुजला, ठणकायला लागला किंवा पू दिसला तर सगळं बंद करून त्याच दिवशी दाखवा.

माझ्या वहीत पहिली नोंद 'स्वच्छ: 6 मिमी' अशी आहे. पहिले पाच महिने तो आकडा हललाच नाही, कारण नख वाढत होतं आणि बुरशीही त्याच वेगाने मागे सरकत होती. घासणं आणि फटीत थेंब सोडणं सुरू केल्यावर पहिल्याच महिन्यात तो साडेसात झाला. पिवळ्याची शेवटची चिंधी गणपतीच्या आदल्या दिवशी कापली. त्यानंतरही तीन महिने मी रोजचा थेंब चालूच ठेवला. जुने बूट टाकून दिले, नेलकटर नवा आणला, आणि बेचक्या अजून रोज पुसते.